बाहेरचें खाणें

माणसाचें वय झालें म्हणजे त्याच्या गुणांपेक्षां त्याच्या नियमांचाच घरांत अधिक बोलबाला होतो. आमच्या घरीं माझे तीन नियम सर्वश्रुत आहेत. पहाटे पांच वाजतां उठणें हा पहिला. कोणाचेंहि पुस्तक मागून आणल्यास आठ दिवसांत परत करणें हा दुसरा. आणि बाहेरचें कांहीं न खाणें हा तिसरा. पैकीं पहिले दोन अद्याप शाबूत आहेत. तिसरा मात्र दोन वर्षांपूर्वींच्या नाताळच्या सुटींत, इंदूरच्या सराफ्यांत, रात्रीं साडेदहाच्या सुमारास मोडला. तो कसा मोडला, आणि मोडल्याचें मला दुःख कां झालें नाहीं, हें वाचकांस सांगावें असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

माझी कन्या इंदुरास दिल्याला आतां पंधरा वर्षें होत आलीं. नाशिकाहून इंदूर आग्रा रस्त्यानें सुमारें चारशें किलोमीटर. रात्रीं मोटारींत बसावें; धुळें, शिरपूर, सेंधवा हीं गांवें झोपेंतच मागें पडतात; आणि पहाटे खलघाटास गाडी नर्मदेच्या पुलावर आली कीं अर्धी मोटार जागी होते. कोणी हात जोडतो, कोणी खिडकींतून नाणें टाकतो, एखादी म्हातारी 'नर्मदे हर' म्हणते, आणि पुन्हां सर्व जण पांघरुणांत शिरतात. पुढें विंध्याचा घाट चढला म्हणजे माळव्याचें काळ्या मातीचें पठार लागतें. डिसेंबरांत त्यावर गव्हाचीं आणि हरभऱ्याचीं हिरवीं शेतें पसरलेलीं असतात, आणि थंडी अशी, कीं नाशिकची थंडी तिच्यापुढें नवशिकी वाटावी.

पिशवींत नेहमींप्रमाणें चिवड्याचा डबा होता. चिवडा नाशिकच्या धर्तीचा, तळलेला कांदा घातलेला, पण सूनबाईंनीं घरीं केलेला. कारण दुकानांतला चिवडा माझ्या हातून जाणें शक्यच नव्हतें. आप्तांकडे पोहे घेऊन जाणें ही गोष्ट तशी पुराणसंमत आहे. भागवताच्या दशम स्कंधांत सुदामदेव द्वारकेस निघाले तेव्हां त्यांच्या पत्नीनें शेजारच्या ब्राह्मणांकडून चार मुठी पृथुक मागून आणून फडक्यांत बांधून दिले. ते पृथुक म्हणजे हेच आपले पोहे. अमरकोशांत पृथुकाला चिपिटक असा प्रतिशब्द दिलेला आहे, आणि आपल्या चिवड्याचें मूळ त्या चिपिटकांतच असावें. म्हणजे सुदामदेवांच्या पुरचुंडीपासून माझ्या डब्यापर्यंत परंपरा अखंड आहे. फरक एवढाच, कीं सुदामदेव द्वारकेस पोहोंचल्यावर मित्राच्या घरीं पोटभर जेवले. 'मी बाहेरचें खात नाहीं' असें म्हणून त्यांनीं ताट बाजूस सारल्याचें व्यासांनीं कोठें लिहिलेलें नाहीं.

इंदूर मराठी माणसाला परकें वाटत नाहीं, याचें कारण इतिहासांत आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या काळीं, मल्हारराव होळकरांनीं माळव्यांत पाय रोवला. त्यांच्या स्नुषा अहिल्याबाई यांनीं १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वराहून राज्य केलें. आणि १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी झाली. कारभारी, कारकून, वैद्य, शिक्षक, पुजारी अशीं अनेक दक्षिणी कुटुंबें या निमित्तानें नर्मदा ओलांडून गेलीं आणि तिकडचींच झालीं. संस्थान १९४८ सालीं मध्यभारतांत विलीन झालें, १९५६ सालीं तें सर्व मध्यप्रदेशांत आलें. तरी त्या घरांतून अद्याप गणपति बसतो, चैत्रगौरीचें हळदीकुंकू होतें, आणि आमटीला आमटीच म्हणतात. माझे व्याही अशाच एका घराण्यांतले. दोघे भाऊ, त्यांचे मुलगे, सुना, नातवंडें मिळून त्या घरीं रोज पंधरा पानें होतात, आणि वाढतांना कोणाचें पान कोणाचें हा भेद राहत नाहीं.

या घरीं मी पूर्वीं चार वेळां जाऊन राहिलों होतों, आणि चारहि वेळां माझा नियम तेथें चोख पाळला गेला. विहीणबाई पहाटे उठून स्वतः उपमा, थालीपीठ, धिरडीं असें कांहीं ना कांहीं करीत. दुपारीं लाडू-करंज्यांचे डबे उघडत. मी तृप्त होऊन परत येई, आणि मुलगी चांगल्या घरीं पडली याचें समाधान मानीं. आपल्या येण्यानें या घरांतलें कांहीं बंद पडत असेल, अशी शंकाहि माझ्या मनास कधीं शिवली नव्हती.

ती शिवली या खेपेच्या पहिल्या रविवारीं. पहिल्या नियमास अनुसरून मी पांच वाजतां उठलों, स्नानसंध्या आटोपली आणि कानटोपी घालून फिरावयास गेलों. परततांना सात वाजत आले होते. कोपऱ्यावर पोह्यांच्या दुकानापुढें माणसांचा घोळका उभा होता. त्यांत एक गृहस्थ डोक्यावरून शाल घेऊन, भिंतीकडे तोंड करून उभे होते. शाल ओळखीची वाटली म्हणून जवळ गेलों, तों ते आमचे व्याही! वय वर्षें सत्तर. एके काळीं कचेरींत पन्नास माणसांवर ज्यांचा शब्द चाले असे हे गृहस्थ हातांत पोह्यांचा द्रोण आणि त्यावर जिलबीचा एक वेढा घेऊन उभे, आणि मला पाहून घांस हातांतल्या हातांत राहिलेला. शाळेच्या मागच्या भिंतीशीं विडी ओढतांना सांपडलेल्या मुलाचा चेहरा मीं माझ्या नोकरींत पुष्कळ वेळां पाहिला आहे. तोच चेहरा.

"मास्तर, घरीं नाहीं आणले हो," ते ओशाळून म्हणाले, "तुम्हांला चालत नाहीं ना. पण रविवारीं पाय आपोआप इकडे वळतात."

मग हळूहळू उलगडा झाला. चाळीस वर्षें दर रविवारीं हे गृहस्थ मोठें पातेलें घेऊन या दुकानीं येतात आणि घरांतल्या सर्वांसाठीं पोहे व जिलबी घेऊन जातात. त्या दिवशीं सकाळीं सुनांना चूल पेटवावी लागत नाहीं. मुलें पारोशीं अंगणांत बसून खातात. आठवड्याचे रुसवेफुगवे त्या पातेल्याभोंवतीं मिटतात. मी आलों म्हणजे मात्र पातेलें फळीवरच राहतें. पाहुण्यास अवघड वाटूं नये म्हणून पंधरा माणसें आपला रविवार सोडतात, आणि पाहुण्याला त्याचा पत्ताहि लागूं देत नाहींत. माझ्या चार मुक्कामांत मिळून त्या घराचे किती रविवार कोरडे गेले याचा मीं उभ्या उभ्या हिशेब केला, आणि थंडींतहि मला घाम आल्यासारखें झालें.

"घेतां थोडे?" व्याह्यांनीं विचारलें.

"नको," मी म्हणालों. पन्नास वर्षांची संवय. तोंडांतून दुसरा शब्द निघेना. पण मी तेथून हललों नाहीं. त्यांचें खाऊन होईपर्यंत उभा राहून मी तो पदार्थ नीट पाहून घेतला.

आपले पोहे अनेकवचनी. तिकडे 'पोहा' एकवचनी आहे. भेद व्याकरणापुरताच नाहीं. आपण कढईंत फोडणी करून तींत कांदा परततों आणि मग पोहे घालतों. तिकडे मोठ्या भांड्यांत पाणी उकळत असतें. त्यावर भिजवून निथळलेल्या, हळद, मीठ आणि किंचित् साखर लावलेल्या पोह्यांचें पातेलें ठेवतात. फोडणी नांवापुरती, आणि तींत मोहरीबरोबर बडीशेप. पोहे तेलांत न परततां वाफेवर फुलतात, म्हणून ते हलके होतात आणि सकाळभर मऊ राहतात. देतांना वर बारीक शेव, कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू, कधीं डाळिंबाचे दाणे, आणि सर्वांवर चिमूटभर जिरावन. जिरावन हा माळव्याचा खास मसाला: जिरें, धणे, बडीशेप, आमचूर, पादेलोण, सुंठ, हिंग, लवंग, मिरची यांची आंबटतिखट पूड. पोह्यांशेजारीं गरम जिलबी. खारटतिखटाच्या जोडीला पाकाचें गोड हें ऐकून विचित्र वाटतें. पण आपणहि श्रीखंडाबरोबर बटाट्याची भाजी खातोंच.

घरीं परततांना व्याही मुकाट्यानें चालत होते आणि मीहि. माझ्या मनांत मात्र एक जुनी गोष्ट वर आली होती.

कन्या तेव्हां दहा वर्षांची असेल. मी शिकवीत होतों त्याच शाळेंत ती जात असे. शाळेच्या फाटकापाशीं एक भेळवाला बसे. तिकडे जावयाचें नाहीं हें घरांत शंभरदां सांगून झालें होतें. एके दिवशीं मधल्या सुटींत मी फाटकाशीं आलों तों ही तीन-चार मैत्रिणींबरोबर उभी, आणि हातांत कागदाचा पुडा. मी कांहीं बोललों नाहीं. पुडा तिच्या हातांतून घेतला आणि शेजारच्या गटारांत उपडा केला. ती रडली नाहीं. "पुन्हां नाहीं खाणार, बाबा," एवढेंच म्हणाली. आणि मला माहीत आहे तोंवर तिनें तो शब्द पाळला. त्या रात्रीं तिची आई मला म्हणाली, "टाकलीत ती टाकलीत, पण तिच्या मैत्रिणींसमोर टाकायची नव्हती." मीं उत्तर दिलें नाहीं. आज ती बोलणारीहि राहिली नाहीं.

माझ्या या कडकपणाला कारण नव्हतें असें नाहीं. मी बारा वर्षांचा असतांना माझा धाकटा भाऊ जत्रेंत उघड्यावरचें कांहीं खाऊन आला आणि आठवडाभरांत विषमज्वरानें पडला. तिसऱ्या आठवड्यांत तो गेला. जत्रेंत त्याच्याबरोबर मी होतों, आणि माझ्याच हातांतले दोन आणे त्याला दिले होते. ज्वर खाण्यानें आला कीं पाण्यानें, हें आज कोण सांगणार? परंतु त्या दिवसापासून 'बाहेरचें' हा शब्द माझ्या कानीं पडला कीं पोटांत गोळा येई. मुलांना मीं नियम सांगितला. नियमाचें कारण मात्र कधीं सांगितलें नाहीं. शिक्षकाच्या हातून याहून मोठी चूक ती कोणती? आणि खरें बोलावयाचें तर, आरोग्याच्या नांवाखालीं त्या नियमांत सोंवळ्याचाहि थोडा अंश होता. 'बाहेरचें' म्हणजे केवळ धुळीचें नव्हे. 'कोण जाणे कोणाच्या हातचें' हाहि अर्थ आमच्या घरांत त्या शब्दाला चिकटलेला होता. भावाच्या दुःखाआड मीं तो लपवूं दिला.

असो. त्याच आठवड्यांत सराफ्यास जाण्याचा प्रसंग आला तो नातवामुळें. वय वर्षें नऊ. जेवतांना तो एकदम म्हणाला, "आजोबा, तुम्ही सराफा पाहिलाच नाहीं? मग इंदूर पाहिलंत काय?"

"आजोबांना आग्रह करायचा नाहीं," कन्या वाढतां वाढतां म्हणाली. आवाजांत राग नव्हता. शाळेंतली मुलें पाठ केलेलें वाक्य म्हणतात, त्या आवाजांत ती म्हणाली.

"मी येतों," मी म्हणालों, "पाहायला काय हरकत आहे?" पंक्तींत क्षणभर सामसूम झाली. विहीणबाईंच्या हातांतली पळी भातावरच थांबली.

रात्रीं नऊनंतर आम्ही निघालों. होळकरांचा राजवाडा सात मजली आहे; खालचे तीन मजले दगडी, वरचे लांकडी. १९८४ सालच्या दंगलींत त्याचा बराच भाग आगींत गेला. पुढें तो पुन्हां बांधून काढला आहे. दिव्यांच्या उजेडांत त्याचें महाद्वार पाहून आम्ही लगतच्या गल्लींत शिरलों. हाच सराफा. दिवसां येथें सोन्याचांदीचीं दुकानें चालतात. रात्रीं आठ-साडेआठला त्यांच्या फळ्या पडतात, आणि त्याच ओट्यांवर, त्यांच्याच पायऱ्यांपुढें, शेगड्या, कढया, पराती मांडल्या जातात. मध्यरात्र उलटून जाईपर्यंत हा बाजार जागा असतो. गांवांतले लोक सांगतात कीं सराफांनींच या खाद्यविक्रेत्यांना पूर्वीं उत्तेजन दिलें. गल्लींत रात्रभर माणसांचा राबता राहिला म्हणजे तिजोऱ्यांना वेगळा पहारा नको. खरें असो वा नसो, युक्ति सोनाराच्या डोक्यांतली शोभते.

मीं प्रथम खालीं पाहिलें. नाक आणि डोळे हीं माझीं जुनीं हत्यारें. जमिनीवर कागद नाहीं, द्रोण नाहीं. दर पांच पावलांवर कचऱ्याची पेटी, आणि पेटी असूनहि लोक तींत कचरा टाकतात हें अधिक आश्चर्य! केंद्र सरकारच्या स्वच्छता सर्वेक्षणांत २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वर्षें इंदूर पहिलें आलें (शेवटच्या वर्षीं तो मान त्याला सुरतेबरोबर वांटून घ्यावा लागला), हें मीं वर्तमानपत्रांत वाचलें होतें. पण वर्तमानपत्रावर आणि विद्यार्थ्याच्या तोंडावर एकदम विश्वास ठेवूं नये, स्वतः तपासावें, हीहि माझी संवय. तपासलें, आणि गुण द्यावे लागले.

मग वर पाहिलें. एके ठिकाणीं गराडू तळले जात होते. हा माळव्यांतला कंद. थंडीच्या दिवसांतच मिळतो. त्याचे चौकोनी तुकडे दोनदां तळतात, बाहेरून कुरकुरीत व आंतून मऊ झाले कीं लिंबू आणि जिरावन टाकून देतात. पलीकडे ओल्या नारळाचें सारण भरलेले बटाट्याचे गोळे, ज्यांना तिकडे खोपरा पॅटीस म्हणतात. एक दहीवडेवाला दह्यानें भरलेला द्रोण हवेंत उंच उडवून पुन्हां हातांत झेलीत होता, आणि थेंब सांडत नव्हता. मुलें तेथून हलेनात. पुढें ताटलीएवढी जिलबी. तिला 'जलेबा' असें पुल्लिंगी नांव आहे, आणि आकार पाहतां तें योग्यच आहे. कढईंत आटणारें केशरी दूध, खवा घालून केलेली मावाबाटी, मुगाच्या डाळीचीं भजीं, आणि एका मोठ्या परातींत चक्क साबुदाण्याची खिचडी!

साबुदाण्यापाशीं मी थांबलों. एकादशीला आमच्या घरीं जो पदार्थ सोंवळ्यांत होतो, तो येथें भर बाजारांत, वाफेवर फुलवून, बटाट्याचा तळलेला कीस व मसाला मिसळून, रात्रीं दहा वाजतां विकला जात होता. मला हसूं आलें, आणि मग विचार आला. साबुदाणा होतो तो टॅपिओकाच्या कंदापासून. आपल्याकडे तो मुख्यतः तमिळनाडूंत सेलमकडे तयार होतो. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. बटाटा तिकडचाच. शेंगदाणा तिकडचा. हिरवी मिरचीहि अमेरिका खंडांतलीच. सोळाव्या शतकापासून पुढें निरनिराळ्या वेळीं युरोपीय जहाजांतून या वस्तु आपल्या किनाऱ्यास लागल्या. म्हणजे ज्या फराळाला आमच्या आजीनें कधीं 'बाहेरचा' म्हटलें नाहीं, तो चार जिन्नसांचा फराळ संबंध समुद्रापलीकडला! जिलबीची कथा निराळी नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९४३ सालीं तिच्या इतिहासावर लेख लिहिला. पंधराव्या शतकांतील 'प्रियंकरनृपकथा' या जैन ग्रंथांत तिचा उल्लेख आहे, आणि सतराव्या शतकांतील 'भोजनकुतूहल' या संस्कृत ग्रंथांत तिची कृति आहे; परंतु त्यापूर्वीं कित्येक शतकें अरब देशांत ती 'झलाबिया' या नांवानें नांदत होती. संस्कृत ग्रंथकारांनीं तिला कुंडलिका म्हणून घरांत घेतली, आणि आतां तिच्यावांचून आपली पंगत उठत नाहीं. मी जन्मभर ज्याला 'घरचें' म्हणत होतों तें कोणी तरी एके दिवशीं बाहेरून आणलेलें, आणि दुसऱ्या कोणी तरी नाक न मुरडतां चाखून पाहिलेलें होतें.

तेवढ्यांत नातू एक द्रोण घेऊन धांवत आला. त्यांत मक्याचा कीस होता. तिकडे त्याला 'भुट्टे का कीस' म्हणतात. कोंवळीं कणसें किसून, तुपांत हिंग, मोहरी, जिरें आणि हिरवी मिरची घालून तो कीस परततात. मग दूध घालून तें आटेपर्यंत मंद शिजवितात. वर ओलें खोबरें, कोथिंबीर, लिंबू. मकाहि अमेरिकेचाच, पण पदार्थाचें नांव घ्या! 'कीस' हा शब्द कानीं पडतांच आपल्या खोबऱ्याच्या आणि बटाट्याच्या किसाची आठवण व्हावी, इतका तो आपल्या स्वयंपाकघरांतला.

"आधीं आजोबा," असें म्हणून नातवानें द्रोण माझ्यापुढें धरला.

"अरे, त्यांना नको—" कन्या पटकन् पुढें झाली.

मीं द्रोण घेतला. पहिला घांस गरम होता, त्यामुळें चव कळण्यापूर्वीं जीभ भाजली. दुसऱ्या घांसाला कोंवळ्या मक्याचा गोडवा लागला, मग तुपाचा वास, मग मिरची. पदार्थ उत्तम होता. मीं तो सगळा संपविला. मग खिशांतून पैसे काढून ओट्यापाशीं गेलों, स्वतः दुसरा द्रोण मागून घेतला आणि तो कन्येच्या हातांत दिला.

ती द्रोणाकडे पाहत राहिली. जांवईबापू समजूतदार, मुलाला घेऊन ते दहीवडेवाल्याकडे गेले.

"बाळ," मी म्हणालों, "तो दिवस आठवतो तुला? शाळेच्या फाटकापाशीं—"

"आठवतो."

"मीं तसें करायला नको होतें. तुला ठाऊक नाहीं, पण माझा धाकटा भाऊ—"

"ठाऊक आहे, बाबा. आईनें त्याच रात्रीं सांगितलं होतं मला. म्हणून तर तुम्हांला कधीं आग्रह केला नाहीं."

"मग इतकीं वर्षें तूं कधीं बोलली नाहींस?"

"तुम्हीहि नाहीं बोललांत." ती थोडा वेळ थांबली. "भेळेचं कांहीं नव्हतं हो. दुसऱ्या दिवशीं शाळेंत जायचं फार जड गेलं होतं. तेवढंच."

तिची आई जें म्हणाली होती तेंच हें. तीस वर्षांनीं, पांचशें मैलांची येरझार करून, मला तें पुन्हां ऐकावें लागलें. आणि या वेळींहि माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मी फक्त म्हणालों, "निवेल तो. खा." तिनें खाल्लें. माझ्यासमोर बाजारांतला पदार्थ खातांना त्या दिवसानंतर मीं तिला प्रथमच पाहिलें. नंतर नातू येऊन जलेब्याचा हट्ट धरून बसला, एक जलेबा घेतला गेला, आणि तो पांच जणांतहि संपेना.

पुढच्या रविवारीं पहाटे मी व्याह्यांच्या खोलीचें दार वाजविलें. "चला," मी म्हणालों, "पातेलें घ्या." त्यांनीं माझ्याकडे निरखून पाहिलें, आणि कांहीं न विचारतां शाल उचलली. जातांना पातेलें त्यांच्या हातांत होतें. येतांना भरलेलें पातेलें एका कानाला त्यांनीं आणि दुसऱ्या कानाला मीं धरलें होतें. अंगणांत मुलांनीं असा गिल्ला केला कीं शेजारी डोकावले. विहीणबाई पदराआड हसत होत्या. पोहे वाफेचे, मऊ आणि हलके होते. जिलबी मीं एकच खाल्ली. साखरेविषयीं वैद्याचा नियम आहे, आणि तो मोडण्याचें वय राहिलें नाहीं.

वाचकांनीं यावरून असा समज करून घेऊं नये कीं मी आतां दिसेल त्या गाडीवर खात सुटलों आहें. विषमज्वर खोटा नाहीं, घाण पाणी खोटें नाहीं. पदार्थ डोळ्यांदेखत तापलेला असावा, पाणी उकळलेलें असावें, आणि करणाऱ्याचे हात व भांडीं पाहून घ्यावीं, एवढें मी अजूनहि मुलांना सांगतों. पण आतां कारणासह सांगतों. आणि 'कोणाच्या हातचें' हा प्रश्न मीं त्या नियमांतून काढून टाकला आहे. हात स्वच्छ आहेत कीं नाहींत, एवढाच प्रश्न ठेवला आहे.

निघतांना कन्येनें चिवड्याचा रिकामा डबा परत दिला तो जड लागला. आंत जिरावनाची पुडी होती आणि लवंग घातलेली रतलामची शेव. नाशिकला पोहोंचल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं सूनबाईंनीं कांदेपोहे केले. मीं डबा उघडून पुडी बाहेर काढली.

"हें काय, बाबा? विकतचं?" त्यांनीं चमकून विचारलें.

"होय," मी म्हणालों, "बाहेरचें आहे," आणि चिमूटभर जिरावन पोह्यांवर टाकून पुडी त्यांच्यापुढें सारली.